एक सप्तक खाली

विरजण लागावं तसा पुरुवेसी तलाव लागतो,
काठाकडून आत, कुणी न हलवता.
नोव्हेंबरची एकोणतीस. उणे अकरा. वारा नाही.
माझ्या गळ्यात दोरीला दोन खिळे,
बुडालोच तर नखांसारखे रोवून वर यायला.
हातात लोखंडी टोकाची काठी.
खिशात, निव्वळ सवय म्हणून, नादकाटा.

बेचाळीस वर्षं मी पियानो जुळवले,
सावोनलिन्नाच्या आसपासचे: शाळांमधले, चर्चच्या तळघरांतले,
एका दंतवैद्याचा, ज्यात उंदरांनी संसार मांडला होता.
आता माझ्या कानातल्या वरच्या तीन सप्तकांच्या पट्ट्या
दाबल्या जातात, वाजत नाहीत.
डॉक्टरीणबाईंनी आलेख दाखवला.
रेघ उजवीकडे जाते आणि कड्यावरून उडी टाकते.
मी म्हटलं, छान काढलाय.

बर्फाचं असं आहे:
तुम्ही घसरत जाता तेव्हा तो वाकतो, केसभर,
आणि ते वाकणं पुढे निघून जातं. बर्फ तिथेच असतो.
चर्चमध्ये कुजबुज पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत जाते,
उठून कुणीच जात नाही, तसं.
जाड बर्फ खर्जात बोलतो, पातळ वर.
जाडी निम्मी, सूर दुप्पट.
माझ्या काट्याचा सूर, चारशे चाळीस,
म्हणजे साडेचार सेंटिमीटर, जेमतेम:
एक माणूस, तोही नशीबवान.
तिथून दोन-तीन पट्ट्या वर चढला की परत फिरायचं.
तिथून दोन-तीन पट्ट्या वर
माझा कान संपतो.

म्हणजे बघा,
तलाव ओरडून सांगेल, मागे हो,
आणि मला नेमकी तेव्हाच शांतता ऐकू येईल.
स्वच्छ, सुरेख शांतता.

म्हणून शेजारच्या किल्पेलाइनेंची वेन्ला. वय अकरा.
मी पुढे, ती वीस हात मागे, मधे निळी दोरी.
माझ्या स्केटखालचा सूर ती ऐकते
आणि गुणगुणून मला परत देते, एक सप्तक खाली.
हे तिला कुणी शिकवलेलं नाही.
पहिल्या दिवशी तिनं तो होता तसाच गायला.
मी नुसता बघत राहिलो.
तिनं क्षणभर विचार केला आणि अर्धा केला,
राय-पावाचा कडक तुकडा
दात नसलेल्या माणसाला कॉफीत बुडवून द्यावा तसा.

आज तीनच्या सुमारास, उजेड पिवळा पडताना,
पार पलीकडच्या काठाला तडा गेला.
वेन्लानं डोकं वर केलं.
मी नाकाचा थेंब पुसत होतो.
मग तो मला आला,
रिकाम्या पिंपात कुणी उसासा टाकावा तसा.

बर्फात उंच सूर आधी पळतात,
खालचे मागून येतात, ओझं घेऊन.
हे मला ठाऊक होतं. एवढंच लक्षात आलं नव्हतं
की तिचा तडा आणि माझा तडा एका वेळी पडत नाहीत.
तिच्याकडे तो संपत आला,
तेव्हा माझ्याकडे सुरू झाला.

मी ओरडून विचारलं, सुरुवातीला कसा होता?
ती म्हणाली, "पीऽऽव." आणि हसली,
कारण तसा तो नव्हता.
मग डोळे मिटून, बराच वेळ शोधत,
तिनं एक सूर लावला, दोन सप्तकं खाली आणलेला.
मधे एकदा खोकली. पुन्हा लावला.

माझा हात खिशात गेला.
काटा काढला नाही.
सूर जुळलेला होता.
किंवा नसेलही. मला कुठून कळणार.

पुढे गेलो. बर्फ गप्प होता, दयाळू माणसासारखा.
आणि दोरीतून दोन हिसके आले, एकामागे एक,
तिच्या मुठीपासून माझ्या कमरेपर्यंत.
दोरी तिथेच होती.

मी वळलो.