कानस

कुलूप तुटलं नव्हतं.
अख्ख्या पंचनाम्यातलं
एवढंच वाक्य मला लागलं,
बाकी अक्षर पोलिसी.

घोडपदेवला, जिन्याखाली,
एकतीस वर्षं मी चाव्या करतो.
हेमांगीच्या दाराचं कुलूप मीच दिलेलं, लग्नात.
सात लिव्हरचं, पितळी.
लोक भांडी देतात.

तांडेलसाहेबांनी प्लास्टिकच्या पिशवीतली चावी
टेबलावरून पुढे सरकवली.
ओळखता?
नाही, म्हणालो.

तिसऱ्या दातावर कानस तिरकी गेली होती.
गोदीत अंगठा चेचला तेव्हापासून
माझी कानस
तिसऱ्या दाताला तिरकी जाते.

दुकानाच्या वहीत नावं नसतात.
एक चावी, साठ रुपये.
एक चावी, साठ रुपये.
अकरा महिने रोज रात्री तीच वही.
बायकोने विचारलं तर म्हणायचो, हिशेब लागत नाहीये.
खोटं नव्हतं ते.

मग एकदा मोरीत हात धुताना
वास आला.
साबणाची अर्धी वडी, हिरवी,
तिच्यात चावीचा ठसा,
वडी पुढे करणारा हात, नखांत चुना.
गावच्या पेटीची हो काका, हरवली.
मी त्याला चहा पाजला होता.

तेराव्याला पंगतीत
मठ्ठा वाढत होता तो हात.
घ्या काका, थोडा घ्या.

दुसऱ्या दिवशी दुकान न उघडता
चौकीवर गेलो.

कोर्टात वकिलाने विचारलं,
म्हणजे चावी तुम्हीच केलीत?
हो.
मागच्या बाकावर बायको होती.
उठली नाही.
चार महिने ताट वाढलं,
शब्द नाही.

त्याला जन्मठेप झाली. पेढे कुणी वाटले नाहीत.
चावी कोर्टाने ठेवून घेतली,
कुलूप मला परत मिळालं,
लाखेचं सील लावलेलं, सही घेऊन.

खोललं. सातही लिव्हर रॉकेलमध्ये भिजवले,
घासले,
क्रम बदलून बसवले.
आता जुनी चावी त्याला लागायची नाही.
बायको शेजारी बसून
चिमट्याने एकेक पट्टी हातात देत होती.
ही आधी होती का? म्हणाली.
चार महिन्यांनंतर
हे.

आमच्या दाराला तीन कड्या आहेत,
दोन मी नंतर ठोकलेल्या.
काल दुपारी जेवायला आलो
तर दार सताड उघडं.
उकडत होतं, ती म्हणाली,
बंदराकडून जरा वारा येतोय.

मी काही बोललो नाही.
दाराकडे तोंड करून बसलो,
जेवलो.