पेवावरून चालताना

मिरजेच्या डॉक्टरनं डोळे मिटायला लावले
आणि विचारत राहिला, आत्ता? आत्ता कळलं?
मी म्हटलं, टोचा की, सुरू तरी करा.
तो म्हणाला, आठ वेळा टोचून झालं, आदगोंडा.

त्याच्या आदल्या आठवड्यात
चपलेतून खिळा वर आला होता.
सांगलीपासून हरिपूरपर्यंत, सगळ्या चिंचांखालून,
मी तो बरोबर घेऊन आलो.
फरशीवरचे ठिपके बघून सुनेनं विचारलं,
कुणाला लागलंय?
मीही इकडंतिकडं बघितलं.

मग त्रिशलानं पुण्याहून हे बूट पाठवले.
तळव्यात उशी, उशीत हवा,
हवेला कसलीशी अक्कल.
पाय टेकला की कुर्र करतात,
भार पडेल तिथं मऊ होतात,
तोल जाईल तिथं घट्ट.
रात्री मोबाइलशेजारी चार्जिंगला लावायचे.
शेजारची शांतव्वा म्हणते,
"मालक उपाशी झोपला, पायताण जेवाय बसलं."

सुरुवातीला अवघडल्यासारखं व्हायचं.
पोती वाहिली त्या सगळ्या वर्षांत
कुठं जड जातंय, हे कुणी विचारलं नव्हतं.
हे पावलागणिक विचारतात.
घराच्या उंबऱ्यावरसुद्धा.

मी पेवातला माणूस.
आधी दोरीनं कंदील खाली सोडायचा.
विझला तर वर बसून तंबाखू मळायची.
तेवला तर मी उतरायचो,
वर दोर धरून दस्तगीर.
तोंड अरुंद, पोट हे एवढं,
आणि हळदीचा वास असा
की घरी गेल्यावर पाणीसुद्धा पिवळं लागायचं.

पण माझी खरी कमाई वरची, जमिनीवरची.
व्यापारी वह्या चाळत बसायचे,
कुठलं पेव कुणाचं, कुठं तोंड बुजलंय.
मी अनवाणी आडवा चालत जायचो.
भरलेलं पेव गप्प असतं.
रिकामं टाचेला हूं म्हणतं.
इथं, मी सांगायचो. चार पावलांवर अजून एक,
त्यात निम्मा माल.
उकरलं की तसंच निघायचं.
दस्तगीर म्हणायचा, "तुझ्या टाचंला कान हाईत रं."

महापुरात नदी पेवांत उतरली.
तिनं कंदील सोडून बघितला नाही.
हळद कुजली, मातीनं तोंडं मिटली,
आता माल कोल्ड स्टोरेजला जातो, नंबर लावून.

काल संध्याकाळी तिकडं गेलो होतो.
प्लॉट पाडलेत. चुन्याच्या रेषा, दगडांवर आकडे.
माझं आपलं चालणं, कुर्र, कुर्र,
आणि एका ठिकाणी उजवा बूट थबकला.
मऊ झाला, घट्ट झाला, पुन्हा मऊ,
जसा माणूस नाव आठवत ओठ हलवतो.
मी मागं सरलो. कुर्र.
पुढं आलो. तेच.

दस्तगीरला फोन लावला.
त्याच्याकडं टीव्ही जोरात.
"बॅटरी उतरली असंल," तो ओरडला,
मग टीव्ही बंद झाल्याचं ऐकू आलं.
"कुठं हाईस? पिपरणीपासून किती पावलं?"
पिपरण राहिली नाही, मी म्हटलं.
दोघंही थोडा वेळ फोनवर नुसते होतो.

डॉक्टरनं बजावलं होतं, तरी बूट काढला.
उघडी टाच टेकवली. दाबली.
काही नाही. आपलाच पाय,
पण दुसऱ्याच्या घरात ठेवल्यासारखा.
शेजारी बूट पडलेला, अंधारत आलेल्या जमिनीवर,
खोटेला एवढासा हिरवा दिवा.
मी बघत बसलो, विझतो का.

वॉचमन आला. काय हरवलं काका?
तो यवतमाळकडचा, त्याला पेव माहीत नाही.
मी त्याला सांगितलं,
मालकाला म्हणावं, बत्तीस नंबरला
पाया घेताना जपून. खाली जागा आहे.
कुणी सांगितलं म्हणून सांगू?
मी बुटाची पट्टी लावत होतो.
तो पट्टी लागेपर्यंत थांबला.