सिगडी

कंपूवर पहाटे चारला धुकं इतकं खाली उतरतं
की समोर किल्ला आहे, हे आठवणीच्या भरवशावर धरून चालायचं.
पेपरात दुसऱ्या दिवशी येतं: पारा दोनवर.
आमच्या मॅटाडोरला ते आदल्या रात्रीच कळायचं.

गजकचा सीझन तोच तिच्या दुखण्याचा सीझन.
पाच चाळीसच्या गाडीला साठ खोके चढवायचे,
आणि हिचं ऑइल आत गोठून
गुळाच्या पाकासारखं बसलेलं.

हे दोन सीटांमधल्या इंजिनच्या पेटीवर
आमच्या लग्नातली दुलई घालायचे.
घरात पांघरूण कमी पडे, तिला नाही.

मी सिगडी पेटवायची.
लाकडी कोळसा, मुठीएवढे तुकडे,
लाल होऊन वर राखेची साय धरली
की पोटावर आडवं होऊन आत सरकवायची,
चेंबरच्या खाली बरोबर वीतभर.
"वीत कुणाची?" पहिल्या वर्षी मी विचारलं.
"तुझी. माझ्या वितीत ती गारच राहते."

बुंदू उस्ताद पुलियावरून ओरडायचा,
भाभी, किसी दिन पूरा मोहल्ला उड़ा दोगी!
आणि मग हात शेकायला तोच आधी यायचा.

वीस मिनिटं.
तेवढ्यात चहा, तेवढ्यात भांडण,
एकदा तर तेवढ्यात मुलीचं लग्नसुद्धा ठरलं,
दोघं उकिडवे, तोंडं गाडीच्या चाकाकडे.
मग हे वर चढत, किल्ली अर्धी फिरवत.
डॅशवरची एवढीशी तार तांबूस व्हायची.
वीसपर्यंत मोजायचं: कमी मोजलं तर ती खोकते,
जास्त मोजलं तर बॅटरी बसते.
हे मोठ्याने मोजायचे आणि चौदा गाळायचे.
का, ते कधी सांगितलं नाही.
मी विचारलंही नाही; गाडी चालू होत होती ना.

श्रीरंग, माझा भाचा, सास्काटूनहून फोन करतो.
तिथे उणे चौतीस. म्हणे, मावशी,
इंजिनच्या पाण्यातच हीटर बसवलेला असतो,
गाडीच्या नाकातून वायर लोंबते,
रात्री ती खांबावरच्या प्लगमध्ये खोचायची.
त्याने फोटो पाठवला:
बर्फात ओळीने गाड्या, प्रत्येकीला दोरी,
गोठ्यात खुंट्याला बांधलेल्या म्हशी जशा.
मी म्हटलं, मग चारला उठतं कोण?
तो हसला. "कोणी नाही, मावशी. टायमर असतो."
बरं झालं, म्हटलं मी. खरंच बरं झालं.
फोन ठेवल्यावर जरा वेळ
टायमर चहा कुणाबरोबर पीत असेल, हे मनात येत राहिलं.

हे गेले त्या मार्चमध्ये. उकाडा सुरू झाला होता.

यंदा जानेवारीत इरशाद भंगारवाला आला.
तोलून देईन, म्हणाला, लोखंडाच्या भावाने, वर दोन हजार.
मी म्हटलं, उद्या ये. सकाळी.

तीनलाच उठले. कोळसे दमट होते, वेळ लागला.
गुडघे आता वाकत नाहीत, म्हणून चिमट्याने ढकलली.
वीत मोजली. हात तेवढाच आहे अजून.
इरशाद आला क्रेन घेऊन, बघून म्हणाला,
"अम्मा, हे काय? हिला तर ओढूनच न्यायचीय."
माहीत आहे, म्हटलं.

वर चढले. दुलई तिथेच होती, उंदरांनी कुरतडलेली.
किल्ली अर्धी. तार लाल व्हायला घाबरत होती, मग झाली.
अकरा, बारा, तेरा, पंधरा.

एकदा खोकली, दोनदा.
मग सगळी गल्ली काळी करून चालू झाली.
इरशादच्या पोराने क्रेनचा हूक खाली ठेवला.
मी बंद करून किल्ली त्याच्या हातात दिली.

नेली त्यांनी.
जिथे ती उभी असायची तिथे
ओल्या फरशीत एक कोरडा गोल राहिला, ताटाएवढा.
चहा टाकायला आत गेले, बाहेर आले,
तर गल्लीतला कानतुटका कुत्रा
त्यात बरोबर मावून झोपला होता.