हाताची पाठ

आधी दिवा मिचमिचला. मग वास आला,
मासे भाजल्यासारखा,
आणि आमच्या स्वयंपाकघरात मासे कधी शिजलेच नाहीत.

सहकारनगर, तिसरा मजला, बांधकाम त्र्याहत्तरचं.
तेव्हा तांबं मिळत नव्हतं, मिळालं तर परवडत नव्हतं,
म्हणून भिंतीभर ॲल्युमिनियम.
बाबा कौतुकानं सांगायचे, विमानं याचीच असतात.

इलाही तांबोळी आले, पायऱ्या चढून दमलेले.
"नावात तांबं नाही हं, तांबूल आहे."
प्रत्येक घरी हे सांगत असावेत.
पुन्हा खाली जाऊन मेन पाडला,
किटकॅट काढून स्वतःच्या खिशात ठेवलं.
टेस्टर आधी समोरच्या गद्र्यांच्या चालू प्लगात पेटवून पाहिला,
मग आमच्या बोर्डात,
मग परत गद्र्यांकडे.
"बंद आहे असं वाटणं वेगळं, ताई."

गोल डबीचं झाकण उघडलं आणि आत बाबा होते.
म्हणजे त्यांचा पीळ.
चौऱ्याण्णव साली गीझर घेतला तेव्हा
छापखान्यातून येऊन, बनियनवर, स्टुलावर उभं राहून
त्यांनी तांब्याची तार जुनीला गुंडाळली होती,
वर काळी टेप, सात वेढे, माझ्या हातात टॉर्च.
सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, म्हणतात.
इथे पीळच जळला होता.
टेप बोटाला लागताच भुकटी झाली.

"वाईट केलं नाही त्यांनी," तांबोळी म्हणाले,
"फक्त या दोघांना असं उघड्यावर एकत्र बांधत नाहीत.
हे मऊ. स्क्रूखाली दबतं. तापलं की फुगतं, निवलं की आखडतं,
दर वेळी जरा जागा सोडून बसतं.
हवा लागली की अंगावर साय धरतं,
आणि त्या सायीतून वीज धापा टाकत जाते.
लोकांना वाटतं गच्च आवळलं की झालं.
गच्च आवळलं की तुटतं."

पासोड्या विठोबाजवळून आणलेले कनेक्टर त्यांनी
वर्तमानपत्रावर मांडले.
तांब्याला एक खण, ॲल्युमिनियमला एक, मधे भिंत.
जळका भाग कापला, चांगली तार लागेपर्यंत.
साल सोलताना तारेवर ओरखडा उठला,
तर तेवढं टोक पुन्हा कापलं, काही न बोलता.
तार घासली, लगेच राखाडी मलम चोपडलं.
मग तो पाना, जो ठरलेल्या जोराला कट् वाजतो.
कट् वाजलं की हात थांबवायचा.
मी मोजत होते. सोळा वेळा कट्.

गीझरच्या लायनीला मात्र हात लावला नाही.
"ही नवी ओढायची. मेनपासून, तांब्याची, स्वतंत्र.
तोवर पाणी गॅसवर तापवा."
वीजबिलाच्या पाठीवर आकडा लिहिला.
मी म्हटलं, तेवढ्यातच जोडून द्या ना, थोडं कमी करून.
"देईन की. मग मला झोप लागणार नाही
आणि तुम्हाला लागेल."
हे ते हसून म्हणाले नाहीत.

खिशातलं किटकॅट परत गेलं. दिवा लागला, साधा, न मिचमिचता.
अर्धा तास चहा पीत बसले, पंखा, मिक्सर, इस्त्री
सगळं लावून ठेवायला सांगून,
मग बोर्डाच्या झाकणावर उलटा हात टेकला.
"तळव्याला कळत नाही. तळवा कामानं बधिर झालेला असतो."

जाताना विचारलं, हा जळका तुकडा टाकू?
मी वाटी पुढे केली.

आता रात्री दोनला उठते,
अंधारात चाचपत बोर्डापाशी जाते,
हाताची पाठ लावते.
गार.
बाबांच्या कपाळाला शेवटी अशीच लावली होती,
तेव्हा गार लागलं म्हणून रडले होते.
आता गार लागतं
आणि मी परत जाऊन झोपते.

सकाळी पातेलं गॅसवर ठेवते.
आकडा अजून जमायचा आहे.