मधलं चित्र

प्रांजल म्हणाली, बाबा, हलू नका,
तुमच्या गुडघ्याखाली वायर आहे.
निळी, पंधरा मीटर, लॅमिंग्टन रोडवरून आणलेली,
दाराच्या चौकटीवरून, देव्हाऱ्याच्या मागून,
फ्रिजला वळसा घालून टीव्हीच्या पाठीत खुपसलेली.
वायफायचं काय झालं, मी विचारलं.
भिंती, म्हणाली.
कन्नमवार नगरच्या भिंती सगळं पिऊन टाकतात.

साडेअकरा. मुनाफभाईच्या लाइनवर
अख्खी बिल्डिंग मॅच बघून झोपलेली.
आता खरं चित्र येईल, ती म्हणाली,
आणि ट्यूबलाइट मालवली.

जपानी मालिका. दीपगृहात राहणारी एक पोरगी,
समुद्रावर संध्याकाळ,
आणि त्या आभाळात मला पट्टे दिसले.
शेंदरी, मग दुसरा शेंदरी, मग एकदम जांभळा,
जिना उतरावा तसे.

सव्वीस वर्षं प्रभादेवीच्या प्रोसेस स्टुडिओत
डोळ्याला भिंग लावून टिंबं तपासलीत मी.
कॅलेंडरावरच्या लक्ष्मीचा गाल,
अगरबत्तीच्या पुड्यावरचा सूर्यास्त,
एक रंग दुसऱ्यात कुठे शिरला ते नुसतं दिसलं
तरी शेट म्हणायचा, प्लेट परत.
मी म्हणालो, प्लेट परत.

पोरीने हसून रिमोटच दिला हातात.
व्हिव्हिड नावाचा मोड होता, दुकानातून तसाच आलेला.
तिथे चाळीस टीव्ही एकदम ओरडतात,
त्यात आपला ऐकू जावा म्हणून.
घरात एकच आहे. ओरडून सांगायचं कुणाला?
बंद केला.
शार्पनेस शून्यावर आणला तेव्हा
रेषांभोवतीची पांढरी कड गेली
आणि हाताने ओढलेली रेष तेवढी उरली,
मध्येच जाड, शेवटाला दमलेली.

पट्टे कमी झाले. सगळे नाही गेले.
पाठवतानाच दाबून भरलेलं असतं, प्रांजल म्हणाली,
इस्त्रीचा शर्ट पिशवीत कोंबल्यासारखं,
चुण्या राहणारच.
हे पटलं. आमच्याकडेही जुलैत कागद दमट यायचा.

पण पोरगी धावायला लागली तेव्हा बिनसलं.
लोण्यावरून घसरल्यासारखी धावत होती,
पायांना जमीनच नाही.
असं कोण धावतं?

तिने सांगितलं: सेकंदाला चोवीस चौकटी,
चित्रकार चित्रं काढतो बारा, कधी आठच.
एकेक चित्र दोन-तीन चौकटी थांबून राहतं.
मधली जागा टीव्ही आपल्या मनाने भरतो.
म्हणजे ही मधली चित्रं कुणी काढली?
कुणीच नाही.
मग काढून टाक.

मेनूच्या मेनूत, आतल्या खोलीत लपवलं होतं ते बटण.
ती शोधत होती, आणि मला आठवला
सुलभाचा पासपोर्टचा फोटो.
कुवेतला निघाली होती, नर्स म्हणून.
हनुवटीवर तिच्या तेलाचा जुना चटका,
मी शून्य नंबरच्या ब्रशने तो पुसला,
रात्रभर बसून, प्रेमानेच.
खिडकीतल्या माणसाने एकदा फोटोकडे पाहिलं,
एकदा तिच्याकडे. म्हणाला, बाई, ह्या कोण?
नंतर कुवेत राहूनच गेलं.
त्या फोटोमुळे नाही. पण राहिलं.

सापडलं, प्रांजल म्हणाली.
पोरगी परत पहिल्यापासून धावली.
आता अडखळत, थांबत, एकेका चित्रात पाय रोवत,
कुणीतरी टेबलावर वाकून काढलेली,
चहा थंड होऊ देऊन.

लॅच वाजली. सेकंड शिफ्ट संपवून सुलभा आली,
चपला हातात, अंधारात चाचपडत,
टीव्हीसमोर येऊन उभी राहिली.
समुद्राचा सगळा उजेड तिच्या तोंडावर,
कपाळावर आठ्या, हनुवटीवर तो चटका
नाण्याएवढा, जागच्या जागी.

काय चाललंय तुमचं, जेवलात का?
थांब, मी म्हणालो, हलू नकोस.
तिने घाबरून पायाखाली बघितलं.
का? वायर आहे?