सतरा नंबरचा फॉर्म

सतरा नंबरचा फॉर्म भरताना
खिडकीतल्या बाईंनी चष्म्यावरून विचारलं,
"शाळा का सोडली?"
उर्वी म्हणाली, "धरलीच नव्हती."
रांगेतलं कुणीतरी खुदकन हसलं.
मला नाही हसू आलं.
त्या चौकोनात दोन ओळींत मावेल असं
काहीतरी लिहायचं होतं मला.

दहा वर्षं आमचा फळा म्हणजे
वारज्याच्या फ्लॅटमधल्या फ्रिजचं दार.
अपूर्णांक मंडईत झाले: पाव किलो मिरच्या,
दीड किलो गवार, आणि "मावशी, पाच रुपये जास्त घेतलेत."
भूगोल धरणाच्या विसर्गाचे आकडे मांडत,
मुठेचं पाणी पुलाच्या कितव्या दगडाला लागलं
ते वहीत तारखेसकट.
घंटा आमच्याकडे वाजली नाही कधी,
कुकरच्या शिट्ट्या सोडल्या तर.

आणि आता सतराव्या वर्षी
मी तिला घंटा शिकवते आहे.
मोबाइलवर अकराचा गजर, मग पंचेचाळीस मिनिटांनी दुसरा.
"मधे उठायचं नाही. पाणीसुद्धा नाही."
"आणि वाजल्यावर गणित अर्धवट असेल तर?"
"सोडायचं."
"मग पुरं कधी करायचं?"
मी पहिल्या बाकावरची मुलगी होते.
मला हा प्रश्न पडलाच नव्हता.

हजेरीचाही सराव झाला.
मी नाव पुकारते, ती "हजर" म्हणते,
समोरच बसलीये हे मला दिसत असताना.
तिचा बाबा मोरीतून ओरडतो, "हजर, बाई!"
हात वर करून बोलणं तिला जमत नाही.
हात वर जाईपर्यंत
तिचं वाक्य बोलून झालेलं असतं.

खालच्या पाटणकर काकू जिन्यात थांबवून म्हणाल्या,
"कॉलेजातली मुलं खातील गं हिला कच्ची."
मी पिशवी या हातातून त्या हातात घेतली.
रात्री दोनला उठून पाहिलं,
झोपली होती, तोंड उघडं,
चौथ्या वर्षी झोपायची तशीच.

निकालाआधीच्या सुट्टीत नोकरी बघू म्हणाली.
"स्वतःबद्दल सांगा" तीन आठवडे घोकून घेतलं,
इस्त्रीचा कुडता, फायलीत रिकामे कागद,
कारण फाइल जाड दिसावी.
रविवार पेठेत कडूसकरांचं तराजू दुरुस्तीचं दुकान.
त्यांनी शाळा विचारली नाही, टक्के नाहीत,
फाइल तर ओट्यावर चहाच्या कपाखाली गेली.
पितळेची दोन वजनं तिच्या तळहातांवर ठेवली:
"यातलं खोटं कुठलं?"

मी बाहेर टेम्पोला टेकून उभी.
आत सगळं शांत. फार वेळ.
तिनं वजनं उलटी केली, नखानं बूड खरवडलं,
मग हात वर केला.
(आताच का, देव जाणे.)
"खोटं म्हणजे कमी भरणारं, की जास्त?"
कडूसकरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.
"बुधवारपासून ये. दहाला म्हणजे दहाला."

चार हजार, आणि दोन वेळा चहा.

पहिल्या दिवशी घरी आली
ती बोटांना ग्रीस आणि गप्प.
जेवताना म्हणाली, "काम मधेच सोडावं लागत नाही.
गिऱ्हाईक आलं की मात्र लागतं."
मग बराच वेळ आमटीत भात कालवत राहिली.
"आई, आज दिवसभरात
तुला काय वाटतं, असं कुणीच नाही विचारलं."
मी म्हटलं, "पापड घे."
दुसरं काय म्हणणार होते.

कॉलेजचा फॉर्म तिनं स्वतःच भरला, दुकानातून, फोनवर.
मागच्या शाळेच्या रकान्यात काय लिहिलं
मी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही.

तो गजर बंद करायचा राहूनच गेलाय.
रोज अकराला वाजतो, पावणेबाराला पुन्हा.
घरात मी एकटी, समोर निवडायला मेथी.
हातातली जुडी अर्धवट ठेवून
मी उठते.