अंगठा

कार्ड हातात येऊन तीन आठवडे झाले.
पहिल्या शुक्रवारचा जोडीदार
कासवामागे गेला तो गेलाच.
दुसऱ्याने पहाटे पाचला फोन उचलला नाही,
शारजाहून निघून मी
खोरफक्कानच्या बोगद्याशी पोचले होते.
आमच्याकडे याला अंगठा दाखवणं म्हणतात.

आज दिब्बाच्या धक्क्यावर लुझविमिंदा,
फुजैराच्या इस्पितळातली रात्रपाळी उतरून आलेली.
फारसं बोलली नाही.
माझे पट्टे ओढून पाहिले,
टाकीची तोटी, हवेचा काटा,
पुन्हा तोटी.

बारा मीटर खाली माझ्या चष्म्यात पाणी शिरलं.
ती हातभर अंतरावर थांबून होती,
माझे बुडबुडे
पुन्हा सावकाश निघू लागेपर्यंत.

मग माझा काटा वाचून तिनं
अंगठा दाखवला.

वर.
दोघी.